नवव्या विहिरीचं नाव

अश्गाबाद,
२० जुलै १९९८

ती. वहिनीस,
सापारचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र पिठाच्या ट्रकवाल्याने आणून दिलं. सोबत सुकवलेल्या खरबुजाची वेणी मिळाली. एवढी आखूड वेणी तू कधी घालत नाहीस, म्हणजे अर्धी ट्रकवाल्याने वाटेत खाल्ली असणार. उरलेल्या अर्धीवर मुलं तुटून पडली आणि घरात पहिल्यांदाच शांतता झाली.

आता कामाचं. आमच्या कार्यालयाला परदेशी पाहुण्यांसाठी एक पुस्तिका काढायची आहे, आपल्या देशाची आणि माणसांची ओळख करून देणारी. त्यात वाळवंटावर तीन पानं, आणि शेवटी जुन्या विहिरी दाखवणारा नकाशा. वाळवंटातलं इथे कोण आहे असं साहेबांनी विचारलं, तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, वीस वर्षांत मी वाळू पाहिली ती मुलांच्या बुटांत. मग घरचं कुणी आहे का, असं ते म्हणाले आणि मी तुझं नाव सांगितलं. रागावू नकोस. माझी वहिनी शाळेत न जाता वाचायला शिकली, कोल्खोजच्या सामूहिक शेतीचं ग्रंथालय बंद पडलं तेव्हा बेचाळीस पुस्तकं गाढवावर लादून घरी घेऊन आली, आणि ओठ हलवत हलवत सगळी वाचून काढली, असं मी सांगितलं. ओठांची गोष्ट सोडून साहेबांनी बाकीचं कौतुकाने ऐकलं.

तेव्हा तीन पानं लिहून पाठव, आणि यांदाक्लीच्या आसपासच्या विहिरींची यादी, नावं घालून. हे काम खरं तर दादाचं. त्याला जाऊन आता तिसरा हिवाळा येईल. अजूनही गावाकडचं काही अडलं की आधी त्यालाच विचारू असं मनात येतं.

कळपासारखा लोभही वाढता असावा,
तुझा सापार


यांदाक्ली,
९ ऑगस्ट १९९८

चि. मिर्झास,
ओगुलगेरेकचे अनेक आशीर्वाद.

तू खाली सापार लिहितोस, पण ते नाव माझ्याकडे चालत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तू सात वर्षांचा होतास. सासरच्या कुणाचंच नाव सुनेने घ्यायचं नाही, म्हणून तुझ्या बोटांवरची शाई पाहून मी तुला मिर्झा म्हणू लागले, म्हणजे लिहिणारा. पुढे तू खरोखरच सरकारी लिहिणारा झालास, तर तो दोष माझा.

वेणी आखूड नव्हती. ट्रकवाल्याला सांगितलं आहे की पुढच्या खेपेला त्याला वेगळी देईन, तुमची शाबूत राहू दे.

आता तुझ्या साहेबांसाठी. मला जसं दिसतं तसं लिहिते.

आपल्या देशाला समुद्र नाही. पश्चिमेला एक आहे, पण मी नकाशात पाहिलं, तोही चारी बाजूंनी बंद आहे. म्हणजे तो आपल्यातलाच. देशाचे पाच भाग केले तर चार वाळूचे. पाचव्यात कापूस, कार्यालयं आणि बाकी सगळे लोक दाटीवाटीने राहतात, आणि आम्ही चार भागांत पाय पसरून. उन्हाळ्यात इतकं तापतं की पाली एकेक पाय आळीपाळीने उचलतात. उन्हाला आम्ही नावं ठेवत नाही, ऐकलं तर आणखी तापेल.

माणसं बरी आहेत. पाहुणा आला की आधी चहा, मग रोटी, मग मांस, आणि सगळ्यात शेवटी तो कोण हे विचारायचं. शेजारच्या एनेबायकडे एक माणूस असाच तीन दिवस राहिला. चौथ्या दिवशी कळलं की तो तिच्याच कुत्र्यांविरुद्ध तक्रार घेऊन आला होता. तोवर कुत्र्यांशी त्याची मैत्री झाली होती. रोटी आम्ही पालथी ठेवत नाही. भांडतो पुष्कळ, पण खरबूज कापलं की थांबतो. आयुष्यात मी एकदाच लिपी शिकले, तर सरकारने ती बदलली. आता नव्या अक्षरांत पुन्हा अडखळते आहे, तेव्हा चुका सुधारून घे.

विहिरी आम्ही हाताने खणतो. वाळूखाली खारं पाणी असतं आणि त्यावर गोड्या पाण्याचा थर, दुधावर साय धरावी इतका पातळ. हातभर कमी खणलं तर विहीर कोरडी, हातभर जास्त खणलं तर उंटही तोंड लावत नाही. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं तो विहीरवाला. तुझ्या साहेबांची भाषणं लिहायला असा एखादा ठेव. विहिरीला नाव खणणाऱ्याचं पडतं. तो स्वतः ते देत नाही, पाणी पिणारे देतात.

आता माझं एक मागणं. बाकी काही छापा, न छापा, माझ्या जेमालच्या वडिलांची विहीर मात्र नकाशावर आली पाहिजे. बत्तीस वाव खोल, दोर ओढणारी उंटीण तू हाकायचास ती. आता पूर्वेकडून नळ येतो आहे. नवे मेंढपाळ ट्रकमधून उतरतात आणि तिला मोडक्या कप्पीची विहीर म्हणतात. तिचं खरं नाव घेणारे तीन म्हातारे होते, त्यातला एक वसंतात गेला. मला ते घेता येत नाही. दोन म्हाताऱ्यांच्या तोंडी माणूस किती दिवस टिकणार? कागदावर असलेला बरा.

यादी वेगळ्या कागदावर आहे, सतरा विहिरींची.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस,
ओगुलगेरेक


अश्गाबाद,
३० ऑगस्ट १९९८

ती. वहिनीस,
मिर्झाचा सप्रेम सलाम वि. वि.

तुझी पानं मी कार्यालयात वाचून दाखवली. टंकलेखिका हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. मग साहेबांनी लाल पेन्सिल घेतली. वाळू हा शब्द अकरा वेळा आला आहे, दोनदा पुरे, असं त्यांचं म्हणणं. उन्हाळा तापतो याऐवजी हवामान उबदार असं घातलं. एनेबायचे कुत्रे गेले, कारण कुत्र्यांविरुद्ध तक्रार म्हणजे देशात तक्रारी आहेत असा अर्थ होतो. बंद समुद्र वाचून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, आणि या बाई नक्की तुझ्या नात्यातल्याच ना, असं त्यांनी मला विचारलं. भाषणांचं वाक्य मी त्यांच्यापर्यंत जाऊच दिलं नाही. मला अजून नोकरी करायची आहे.

विहिरीची काळजी करू नकोस. यादीचा कागद घडी न उघडताच मी नकाशा काढणाऱ्याच्या हातात दिला, आणि यातली एकही सुटता कामा नये असं बजावलं. परवापासून आमचं सगळं कार्यालय दोन महिने कापूस वेचायला जातं आहे. नकाशावाल्याचा पाय मोडला आहे म्हणून तो तेवढा मागे राहील. देशातला सर्वांत सुखी माणूस सध्या तोच.

चहा निवला तरी लोभ निवू नये,
तुझा मिर्झा


यांदाक्ली,
२४ सप्टेंबर १९९८

चि. मिर्झास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तू कापसातून येईपर्यंत टेबलावर पडून राहील, तरी लिहिते. उंटाच्या लोकरीचे मोजे पाठवले आहेत. तुझ्या साहेबांचं हवामान उबदार असेल, माझं थंडीत हाडं फोडतं.

कुत्रे गेले त्याचं एनेबायला वाईट वाटलं. परदेशात नाव होणार म्हणून तिने मोठ्या कुत्र्याला आंघोळ घातली होती.

दुसरा म्हातारा मेंढपाळ मागच्या गुरुवारी गेला. आता होजाबेर्दी तेवढा उरला, आणि त्याला कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. तो अजून त्या विहिरीचं नाव घेतो, खणखणीत घेतो. मी मुद्दाम त्याच्या वाटेवर जाऊन कळप कुठे पाजलास असं ओरडून विचारते, म्हणजे त्याने ते नाव घ्यावं आणि मी ऐकावं. एनेबायच्या हे लक्षात आलं आहे. म्हाताऱ्यावर जीव जडला का, असं ती विचारते. जडला म्हणून सांगितलं.

दर शरदात करते तशी विहिरीच्या काठाची डागडुजी केली, साक्सौलच्या झुडपाच्या फांद्या नव्या बांधल्या. पाणी अजून तेवढंच गोड आहे.

आमची आठवण धुळीत पडू देऊ नकोस,
ओगुलगेरेक


अश्गाबाद,
२५ ऑक्टोबर १९९८

ती. वहिनीस,
मिर्झाचा सलाम वि. वि.

बोटं फाटली आहेत, अक्षराला हसू नकोस.

कापसावरून आलो तर टेबलावर नकाशाची कच्ची प्रत होती. सोळा विहिरींना नावं, आणि नवव्या ठिकाणी लिहिलं आहे निनावी. मी नकाशावाल्याकडे धावलो. त्याने तुझी यादी पुढे केली. नववीसमोर तू लिहिलं आहेस, जेमालच्या वडिलांची, मिर्झाला माहीत आहे. त्या बिचाऱ्याने कार्यालयात मिर्झा शोधला. कोठारात त्या नावाचा एक माणूस निघाला, आणि आपल्याला कुठलीही विहीर माहीत नाही असं त्याने शपथेवर सांगितलं. मग निनावी.

चूक माझी. नवऱ्याचं नाव तू लिहिणार नाहीस हे मला कळायला हवं होतं, आणि मी घडीसुद्धा उघडली नाही. मी लगेच दादाचं नाव सांगितलं. ते साहेबांनी खोडलं. त्यांचं म्हणणं असं की आपल्या देशात निनावी काही नसतं, पण स्वतःच्या भावाचं नाव विहिरीला चिकटवणारा कारकूनही नसतो. त्यांनी समृद्धी सुचवलं. मी म्हटलं, ते नाव आधीच एका रस्त्याला, एका सिनेमागृहाला आणि साबणाला आहे. ते म्हणाले, मग लोकांना ओळखीचं वाटेल.

शेवटी एवढ्यावर आले. यादी ज्या हाताने लिहिली त्याच हाताने ते नाव लिहून आलं तर छापू. दुसऱ्या कुणाचं अक्षर चालणार नाही. वीस नोव्हेंबरपर्यंत आलं नाही तर समृद्धी, आणि ही पुस्तिका पुढची वीस वर्षं सगळे नकाशेवाले उतरवून घेतील.

मी काय मागतो आहे ते मला कळतं. आईसुद्धा बाबांना शेवटपर्यंत, अहो, इकडे बघा, असंच म्हणायची. पण एकच शब्द आहे, वहिनी.

तुझ्या लोभाला अजून पात्र असलो तर,
मिर्झा


यांदाक्ली,
८ नोव्हेंबर १९९८

चि. मिर्झास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस तुला शिव्या दिल्या आणि तिसऱ्या दिवशी स्वतःला. बत्तीस वाव विहिरीचं नाव टिकावं म्हणून यादी लिहायला बसले, आणि ते नाव तेवढं वगळून उठले. तुझ्या साहेबांनी तरी माझ्याहून वेगळं काय केलं!

मी बीबी-एजेकडे गेले. तिचं वय नव्वदीच्या पुढचं, गावात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. तिने डोळे मिटून विचार केला. म्हणाली, नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही हे खरं, लिहिण्याबद्दल मात्र कुणीच काही सांगून ठेवलेलं नाही. आमच्या वेळी बायांना लिहिताच येत नव्हतं, मग मनाई तरी कोण करणार? एनेबाय तिथेच होती. बेचाळीस पुस्तकं वाचून शेवटी एका शब्दाला अडलीस का, असं मला म्हणाली.

एजेने वाट दाखवली खरी, पण मला त्या वाटेने जाता येईना. तुला माहीत आहे, ओठ हलवल्याशिवाय मला वाचता येत नाही. लिहिताही येत नाही. अक्षर आधी तोंडात येतं, मग बोटात. मुक्याने लिहायला मला कुणी शिकवलंच नाही, कारण लिहायलाच कुणी शिकवलं नाही. नव्या सुना मोठ्यांसमोर धरतात तसं ओढणीचं टोक दातांत घट्ट धरून पाहिलं. त्या चिठ्ठीवर जे उमटलं ते बहुतेक एखाद्या खेड्याचं नाव असावं. अशा तीन चिठ्ठ्या तंदुरात गेल्या.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. जेमालच्या वडिलांनाही स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. सगळीकडे अंगठा. माझं नावही त्यांनी एकतीस वर्षांत घेतलं नाही, अगं म्हणायचे. आणि माझं नाव तरी काय, त्याचा अर्थच मुलगा हवा! पाचवी मुलगी झाली म्हणून बापाने देवाकडे केलेली तक्रार. ती तक्रार जन्मभर गावाने मोठ्याने हाका मारून केली, तिला कुठलीच रीत आड आली नाही. शेवटच्या हिवाळ्यात, खोकल्याने त्यांचा श्वास पुरेना तेव्हा, एकदाच त्यांनी मला नावाने हाक मारली. त्यांच्या तोंडून ती तक्रार वाटली नाही. मी हं म्हटलं. नुसतं हं. नाव घेणाऱ्या माणसाला नाव घेऊन उत्तर द्यायला हवं होतं, असं मला तीन वर्षं वाटतं आहे. तेव्हा मी रीत सांभाळत बसले.

काल विहिरीवर गेले. दोर तपासायचा होता, असं एनेबायला सांगितलं. उंटीण होती, बाकी कुणी नव्हतं. काठावर बसून कागद मांडीवर घेतला आणि ओठांना म्हटलं, हला.

उंटिणीने मान वळवून पाहिलं, बाकी काही झालं नाही. चिठ्ठी सोबत आहे, दोनदा घडी घातलेली. या खेपेला घडी उघडून पाहा.

लोभ असू दे, पण पुन्हा लिहायला लावू नकोस,
ओगुलगेरेक


अश्गाबाद,
११ फेब्रुवारी १९९९

ती. वहिनीस,
मिर्झाचा सप्रेम सलाम वि. वि.

पुस्तिका छापून आली, एक प्रत पाठवतो आहे. उघडण्याआधी चहा पिऊन घे.

तुझी तीन पानं आधी दीड झाली. मग वरच्या साहेबांनी विचारलं की वाळवंटावर इतकं कशाला, आणि दोन परिच्छेद राहिले. छापायच्या आदल्या दिवशी एका घोड्याचा फारच सुंदर फोटो आला. मी पुष्कळ भांडलो. टंकलेखिकाही भांडली. तुझ्या मूळ पानांची एक प्रत तिने स्वतःसाठी टंकून घेतली आहे आणि ती इतरांना वाचून दाखवते, दार लावून.

तुझी चिठ्ठी अठरा तारखेला मिळाली होती. साहेबांनी चष्मा लावला, तुझी यादी शेजारी ठेवली आणि अक्षर ताडून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं की एकच शब्द आहे तर अक्षर एवढं थरथरलेलं का. मी सांगितलं. त्यावर त्यांनी चष्मा पुसला. घरी गेल्यावर, तू माझं नाव घेतलंयस का कधी, असं त्यांनी बायकोला विचारल्याचं ड्रायव्हर सांगत होता. ती शहरात शिकलेली बाई आहे, ती रोज घेते, आणि ते नेहमी रागावून.

पुढचं नकाशात तूच बघ.

लोभाची रोटी पालथी पडू नये,
तुझा मिर्झा


यांदाक्ली,
२३ मार्च १९९९

चि. मिर्झास,
नव्या वर्षाचे अनेक आशीर्वाद.

पुस्तिका नौरोजच्या दिवशीच आली. गव्हाच्या अंकुरांची सेमेनी चुलीवर होती, सगळ्या बाया कढईभोवती पळी फिरवत बसल्या होत्या. त्यामुळे चहा पिऊन, एकटीने, शांतपणे उघडणं जमलं नाही. गावाने उघडली.

घोडा छान आहे. माझी तीन पानं खाऊन चांगला गुबगुबीत दिसतो. कारंज्यांचे फोटो मी मोजले, सात आहेत. समुद्र नाही असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि एवढं पाणी उडताना पाहून तो नसेल अशी शंका परदेशी पाहुण्याला येणारही नाही. माणसं दोन, तीही गालिचा उंच धरून त्यामागे उभी, त्यामुळे चार बोटं तेवढी दिसतात. एनेबायने प्रत्येक पान उलटं करूनही पाहिलं, तिचा कुत्रा कुठे लपला आहे का म्हणून. बीबी-एजेने विचारलं की हा कुठला देश, बरा दिसतो.

मग शेवटचं पान उघडलं. मी भिंग आणलं. आठ नावं वाचली, ओठ हलवून. नवव्यावर थांबले.

होजाबेर्दी दाराशी बसला होता. त्याला कळलं की विहिरींचं काहीतरी आलं आहे, आणि तो हट्टाला पेटला. आमच्या विहिरीचं काय छापलं ते सांग म्हणाला. मी नकाशा दाखवला, तर त्याला दिसत नाही. एनेबायला खुणावलं, तर ती म्हणाली की तुझं तू वाच, तुलाच वाचता येतं. गावच्या सगळ्या सुना, नवे मेंढपाळ, ट्रकवाला, सगळे माझ्याकडे वळले. बीबी-एजेने पळी थांबवली. मी तिच्याकडे पाहिलं. तिने कढईकडे पाहिलं, आणि लागेल खाली असं पुटपुटत पुन्हा ढवळायला लागली.

मी त्याच्या कानाशी गेले आणि सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. काय, म्हणाला. तिसऱ्यांदा मी अशी ओरडले की कुत्रे उठून उभे राहिले. तागान! तागानची विहीर!

तो म्हणाला की त्यात काय सांगायचं, ते तर मला माहीतच आहे.

बाया हसल्या, मीही हसले. मग डोळ्यांत धूर गेला म्हणून बाहेर आले. संध्याकाळी नवा मेंढपाळ ट्रकवाल्याला सांगत होता की उद्या कळप तागानच्या विहिरीवर नेतो. मी भिंतीआड उभी राहून पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हाताऱ्याच्या वाटेवर उभं राहायची गरज आता उरली नाही, पण सवय आहे, राहीन.

तुझ्या साहेबांना माझा सलाम सांग. तीन पानं लिहिली, त्यातलं एक अक्षर राहिलं नाही. राहिला तो एक शब्द, आणि नेमका तोच मी लिहायला तयार नव्हते. पाहुण्यांनी आपल्या देशाबद्दल तेवढं वाचलं तरी मला पुरे आहे.

टंकलेखिकेसाठी खरबुजाची वेगळी वेणी ठेवली आहे. ट्रकवाल्यालाही दिली आहे, तेव्हा दोन्ही लांब असायला हव्यात, मोजून घे. लोभ पाण्यासारखा धर, जिथे गोड आहे तिथेच थांब.

या खेपेला सही पुरी करते आहे, रागावू नकोस.

तागानची बायको,
ओगुलगेरेक